खानेसुमारीतील कुंभारीण



आपले अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील ती साधी खेडी होती. त्या खेड्यांतील माणसे सरकारने कशी मोजली, त्याची ही थोडी हकीकत.

जुने लोक जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, सुमार म्हणजे मोजदाद. पेशवाईतही गावोगावच्या खानेसुमाऱ्या होत. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची गणती २१ फेब्रुवारी १८७२ रोजी झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री सबंध देशाची एकदम झाली. नाव, वय, लग्न, धर्म, जात, मातृभाषा, जन्मठिकाण, शिक्षण, धंदा अशी विचारपूस असे.

आता एक कुंभाराचे घर डोळ्यांपुढे आणा. चाकावर बसे तो पुरुष. बायकांनी चाक फिरवू नये, अशी रीत. पण माती चाळावी कोणी? खडे वेचून, राख घालून ती तुडवावी कोणी? ओले मडके आत दगड धरून बाहेरून फळीने चोपावे कोणी? भट्टीसाठी गोवऱ्या थापाव्या आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठावा कोणी? यातले बरेचसे काम कुंभारणीचेच असे.

गणतीचा माणूस दारी आला की कुंभाराचे नाव आणि धंदा लिहून घेई. बायकोचे नाव सांगायला मात्र घरचे कचरत. नवऱ्याचे नाव पूर्वी बायका उखाण्यातच घेत. तशीच बायकोचे नाव परक्यापुढे न काढण्याचीही रीत होती. म्हणून नाव सांगायला हरकत असेल तर नुसते ‘स्त्री’ असे लिहावे, अशी नियमातच सोय होती. पुढे १८९१ च्या गणतीत घरचा जो धंदा, त्याच्याच खाली घरातली सगळी माणसे धरली. राबणारी कोण आणि पाळण्यातले मूल कोणते, हे त्यातून कळेना. १९०१ साली कमावणारे आणि त्यांच्यावर पोसले जाणारे असे निराळे रकाने झाले. मग प्रश्न आला, की कुंभारीण कोणत्या रकान्यात? ते घरचा पुरुष काय सांगेल त्यावर ठरे.

विलायतेत १८४१ पासूनचे गणतीचे कागद जपून ठेवले आहेत. तिकडे एखाद्या खेड्यातील लोहाराची पणती आपल्या पणजीचे नाव त्यात शोधू शकते. आपल्याकडे बेरजा झाल्यावर घरोघरचे कागद नष्ट केले गेले. मागे राहिले ते आकडे. त्या आकड्यांत आपली कुंभारीण एक म्हणून आहे. तिचे नाव नाही, आणि तिचे काम बहुधा नवऱ्याच्या नावावर जमा आहे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेले कामही कामच, हे १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच स्पष्ट घातले गेले. तरीही पुष्कळ घरांतून “ती घरीच असते” एवढेच उत्तर जाते. पापड-लोणची करून विकणारी, शिवणकाम करणारी, दुकानात नवऱ्याच्या जोडीने बसणारी, सगळ्या घरीच!

तेव्हा पुढच्या वेळी गणतीचे लोक दारी आले म्हणजे पदर खोचून आपणच पुढे व्हावे. आपले नाव आपल्या तोंडाने सांगावे आणि करतो ते काम नीट लिहून घ्यायला लावावे. कुंभारणीला ते जमले नाही. आपल्याला जमण्यासारखे आहे.