रिकामा पाळणा

परवा सकाळी सकाळी आईचा फोन आला. एवढ्या लवकर फोन म्हटल्यावर मी आधी घाबरलेच. पण आवाज खणखणीत होता, म्हणजे कुणाची तरी तक्रार होती.

"अगं, तूच सांग बाई यांना काहीतरी. सातवा लागला नाही तोवर पाळणा मागवलाय. रिकामा पाळणा घरात ठेवतात का कधी?"

'हे' म्हणजे माझा भाचा आणि त्याची बायको. पहिलंच बाळ आहे, दोघंही नुसते तरंगतायत. मागच्या खोलीला पिवळा रंग दिलाय, फ्रिजवर हॉस्पिटलच्या बॅगेची यादी लावलीय (चौतीस वस्तू! मी मोजल्या), आणि रोज कुणीतरी कुरिअरवाला खोकी आणून टाकतोय. अर्ध्या तासाने भाच्याचाही फोन आलाच. "आत्या, आजीला समजाव ना. ऐनवेळी धावपळ करायची का मी?" मी दोघांनाही "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. घरातल्या सगळ्या भांडणांत माझी भूमिका साधारण हीच असते. :)

पण तो रिकामा पाळणा काही डोक्यातून जाईना. रिकामा पाळणा हलवू नये, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. का हलवू नये, हे मात्र कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

आमच्या घरी बाळंतपणाची तयारी म्हणजे काय असायची, ते आठवून बघितलं. डिंक, हळीव, बाळंतशेपा, ओवा. शेगडीसाठी कोळसा. मऊ झालेली जुनी लुगडी आणि धोतरं, म्हणजे जुनेर. त्याआधी ओटीभरण, डोहाळजेवण, फुलांची वाडी, बर्फी की पेढा. भरपूर तयारी. पण नीट पाहिलं तर ही सगळी आईची तयारी आहे. बाळाची जवळजवळ काहीच नाही! बाळासाठी नवीन कपडा आधी आणायचा नाही. पहिलं झबलं घालायचं ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं, धुऊन मऊ झालेलं. पाळणा बाराव्या दिवशी, तोही बऱ्याचदा शेजारून आणलेला. नावसुद्धा बाराव्या दिवशीच. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करायची, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे ती रात्री येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाईल. म्हणजे पहिले बारा दिवस हे मूल घरात आहे, पण अजून घरातलं नाही. त्याला कपडा नाही, जागा नाही, नाव नाही.

आता यावर 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान' असं सांगणारे निरोप रोज येतात. जुनं सुती कापड बाळाच्या कातडीला बरं, हे खरंच आहे. पण पाळणा अकराव्या दिवशी आणला तर कुठल्या विज्ञानाला धक्का लागतो? मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. मूल राहील याची खात्री नव्हती.

आमच्या आजीच्या पिढीच्या बायका मुलांचा हिशेब दोन आकड्यांत सांगायच्या. "मला आठ झाली, पाच जगली." झाली आणि जगली. मी लहानपणी हे इतक्या वेळा ऐकलंय, की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावंही त्याच हिशेबातली. आधीची गेली की पुढच्याला दगड-धोंडा म्हणायचं, म्हणजे कुणाची दृष्ट जाणार नाही. ('नकुशी' हे नाव वरवर तसंच वाटतं, पण ती गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. तिथे मूल जगल्याचंच दुःख होतं.)

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. युरोपातल्या ज्यू कुटुंबांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नसत, आजही कित्येक जण आणत नाहीत. चीनमध्ये बाळाचा महिना भरला की समारंभ करतात, कोरियात शंभर दिवसांचा. सगळीकडे लोक थोडं थांबून, मूल टिकतंय असं बघून मगच आनंद करत होते.

आमच्या घरातलाही एक हिशेब आहे. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडे कधी विषय निघाला नाही. परवाच्या फोनच्या निमित्ताने मी पहिल्यांदा नीट विचारलं. १९५६ साल. पहिलं बाळंतपण म्हणून आई माहेरी, वाईजवळच्या गावात. वडील मुंबईला नोकरीत. आजोबांना पहिल्या नातवाचं फार कौतुक, म्हणून त्यांनी आठव्या महिन्यातच सुताराकडून नवा पाळणा करून घेतला होता, रंगीत चिमण्या लावलेला. सुईण गावातलीच, हात हलका म्हणून नावाजलेली. मुलगा झाला, चांगला धट्टाकट्टा. मुंबईला तार गेली. वडिलांनी बारशासाठी रजा टाकली. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना. जबडा मिटलेला, अंग ताठ. आठव्या दिवशी गेलं.

"यांनी त्याला बघितलंच नाही," आई म्हणाली. "रजा पुढच्या आठवड्यातली होती ना."

पाळणा माळ्यावर गेला. माझ्या वेळी तो खाली काढायला आजीने साफ नकार दिला. मी शेजारच्यांच्या पाळण्यात वाढले.

त्या दुखण्याचं नाव आज कुठल्याही डॉक्टरला लक्षणांवरूनच सांगता येईल. धनुर्वात. त्याचे जंतू मातीत असतात, जनावरांच्या शेणात असतात. नाळ विळ्याने नाहीतर कुठल्याशा पात्याने कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचं, ही रीत देशभर बऱ्याच ठिकाणी होती. आईच्या सुईणीने काय वापरलं, ते आईला माहीत नाही. नाळेच्या जखमेतून जंतू आत गेले की साधारण आठवडाभरात लक्षणं दिसतात, आणि एकदा दिसली की त्या काळी मूल हाती लागणं कठीण. म्हणजे पाचवी, सहावी, बारावा दिवस हे जे उंबरठे आपण आखले होते, ते या दुखण्याच्या दिवसांशी जुळतात. त्याच्यामुळेच ते दिवस ठरले असं माझं म्हणणं नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्या घरांनी पुन्हा पुन्हा सातव्या-आठव्या दिवशी मुलं जाताना पाहिली, त्यांना बारावा दिवस सुटकेचा वाटला असणारच.

आणि हेही सांगायला हवं, की मुलाला नाव न देण्याची, पाळणा न आणण्याची एवढी काळजी घेणाऱ्या त्याच घरात बाळंतिणीला मात्र घरातली सगळ्यात कोंदट खोली मिळायची. सोयर असल्यामुळे दहा दिवस तिला शिवायचं नाही. खिडकी बंद, वारं लागू नये म्हणून. आत शेगडी आणि धुरी. रीतीने मन वाचत होतं, मूल नाही.

आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या महिला डॉक्टर म्हणून माहीत असतात. २०१९ च्या सिनेमानंतर तर घराघरांत माहीत झाल्या. पण त्या गोष्टीची सुरुवातही अशाच एका बाळंतपणात आहे. पोस्टातले कारकून गोपाळराव, आणि नवव्या वर्षी लग्न होऊन आलेली त्यांची बायको. चौदाव्या वर्षी तिला पहिला मुलगा झाला आणि तो जेमतेम दहा दिवस जगला. गोपाळराव तऱ्हेवाईक आणि तापट होते, बायकोला शिकवायचं म्हणून तिला त्यांनी छळलंही. पण त्या दोघांनी त्या दहा दिवसांनंतर जे केलं ते त्या काळात कुणीच केलं नव्हतं. सटवाईने लिहिलं म्हणून गप्प बसले नाहीत. १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय माहितीय? हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. दुसरा कुठलाही विषय घेता आला असता. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आधीच, ती पुण्यात क्षयाने गेली. एकाही बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडायला तिला वेळ मिळाला नाही.

१८८६ मध्येच मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं. १९२६ साली परळला, गिरणगावाच्या अगदी कुशीत, वाडिया प्रसूतिगृह झालं. गिरणीतल्या बाईच्या तयारीबद्दल तर बोलायलाच नको, तिचा खाडा म्हणजे पगार गेला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात तिच्यासाठी बाळंतपणातल्या पगारी विश्रांतीचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आमची भाचेसून सव्वीस आठवड्यांची रजा घेणार आहे (२०१७ च्या दुरुस्तीनंतरची). त्या रजेचा उगम मी तिला सांगितला तेव्हा तिने फ्रिजवरच्या यादीतून मान वर केली, हेही नसे थोडके.

पण गावात, वाईसारख्या ठिकाणी, हे सगळं पोचायला फार वर्षं लागली. जपानच्या कितासातोने धनुर्वाताचा जंतू वेगळा काढला १८८९ साली. त्याची लस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आली. पोटुशी असताना आईला ती टोचली की बाळही सुरक्षित राहतं. साध्या दोन सुया. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९८५ मध्ये. नवजात बाळांचा आणि मातांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं २०१५ मध्ये. आईच्या मुलानंतर एकोणसाठ वर्षांनी.

१९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे आठातलं एक. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. १९९२-९३ च्या पाहणीत शंभरातली सव्वीस बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत जवळजवळ एकोणनव्वद. हे आकडे वाचताना मला भाच्याची चौतीस वस्तूंची यादी वेगळीच दिसायला लागली. सातव्या महिन्यात पाळणा मागवायचा, भिंतीला पिवळा रंग द्यायचा, नावांची यादी करायची, आणि हे सगळं मनात काडीची शंका न ठेवता! आमच्या घराण्यात एवढ्या निर्धास्तपणे बाळाची वाट बघणारं हे बहुधा पहिलंच जोडपं. भाचा तर प्रसूतीच्या वेळी आत थांबणार आहे. त्याच्या आजोबांना तार मिळाली होती.

मी त्याला हे सगळं सांगितलं. त्या मुलाचं माहीत नव्हतं त्याला. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत्या, पाळणा परत पाठवू का?"

मी म्हटलं, मला नको विचारूस, आजीला विचार.

रविवारी गेले तेव्हा पाळण्याचा खोका दाराआड भिंतीला लावून ठेवलेला होता, न उघडता. आईची अट एवढीच, की खोका असू दे, पण स्क्रू बाराव्या दिवशी लावायचे. भाच्याने लगेच मान्य केलं. (खरं म्हणजे त्याला तो जोडता येत नव्हता, असा माझा संशय आहे.) आई खिडकीशी बसून तिची जुनी सुती पातळं फाडत होती, दुपट्यांसाठी. भाचेसून शेजारी घड्या घालत होती.

"काय गं, ते धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना?" आईने विचारलं.

"हो आजी. दोन्ही झाली."

"कार्डावर लिहिलंय त्यांनी?"

"लिहिलंय की."

"आण बघू ते कार्ड," आई म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली.