शाईचा हिशेब

दासोपंत (१५५१–१६१५) रोज एका ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत, अशी अंबाजोगाईची आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. मात्र लेखनाचा दिवस घटकांनी न मोजता शाईने मोजावा, ही त्यामागची दृष्टी आम्हांला मोलाची वाटते. परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानलेला ‘गीतार्णव’ स्फूर्तीच्या लहरीवर होत नसतो. पुढे त्यांनी कापडही घेतले आणि सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद पासोडीवर पंचीकरण लिहिले. एवढा पट मांडून बसलेल्याला मधेच उठणे फारसे परवडत नसावे!

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली निराळा उपाय निघाला: सायंकाळी ७ वाजता भोंगा, मग दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद. उपक्रम स्तुत्यच. पण भोंगा वेळ मोकळा करून देतो. त्या वेळात किती अभ्यास झाला, हे सांगत नाही. दौतीला ते सांगता येई. साहित्याचे आपण अभ्यासकही ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या तत्परतेने सांगतो, ओव्या मात्र क्वचितच वाचतो.