घर मिळालं, झोप नाही

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. औसा, उमरगा आणि आमच्या निलंगा तालुक्यातली कितीतरी गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. खरं तर मारलं ते घरांनीच. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद.

पुढचा इतिहास घरांच्या हिशेबात लिहिला गेला. ५२ गावं नव्या जागी वसली, जागतिक बँकेचा पैसा आला, सिमेंटची घरं उभी राहिली. पण त्या पक्क्या घरांशेजारी लोकांनी पत्र्याची शेडं ठोकली आणि तिथंच झोपू लागले. माझी आजी त्यातलीच. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ती पोरांना ओढत अंगणात यायची. 'म्हातारीनं धास्ती घेतलीय,' एवढंच निदान व्हायचं. १९९६ साली अमेरिकेतल्या एका मानसोपचार नियतकालिकात इथल्या भूकंपग्रस्तांच्या छोट्या गटाची पाहणी छापून आली. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना मानसिक आजार होता, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. आमच्याकडे किती जणांपर्यंत हे पोचलं असेल?

धास्ती टिकते कशी, ते बघा. घरात शिरलं की छाती धडधडते, बाहेर आलं की सुटल्यासारखं वाटतं. मन त्यातून शिकतं, 'बाहेर आले म्हणून वाचले.' घर पडणारच नव्हतं, हे कळायची संधीच मिळत नाही. बाहेर काढलेल्या प्रत्येक रात्रीनं घर आणखी भयंकर होत जातं.

तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर मेतिन बाशोलू या मानसोपचारतज्ज्ञानं नेमकी हीच गाठ सोडवली. टाळायचं थांबवा, आधी थोडा वेळ घरात बसा, मग दिवा लावून झोपा, मग दिवा बंद करून. भीती येऊ द्या, ती आपोआप उतरते. हलणाऱ्या खोलीत बसवून केलेल्या एकाच सत्रानंतरही अनेकांना बराच फरक पडला. यात गोळी नाही आणि 'मन घट्ट कर' हा आपला आवडता सल्लाही नाही.

अर्थात घर खरोखर भक्कम असेल तरच हे चालतं. मोडक्या माळवदाखाली झोपायला घाबरणं हा आजार नव्हे, शहाणपण आहे. किल्लारीत १९९२ मध्येच धक्के बसू लागले होते. तेव्हा घाबरलेले लोक चुकीचे नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, हलके धक्के बसले आणि लोक पुन्हा घराबाहेर झोपू लागले. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, सरकारची टेलि-मानस सेवा सुरू झाली. नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. आजीच्या वेळी गावात फोनच नव्हता.