पहारा आणि ताळा

संगणकात शिरलेला चोर ओळखण्यास बलाढ्य यंत्रच हवे, हा समज इतिहासाला धरून नाही. तो पुष्कळदा सापडला तो साध्या ताळ्यात.

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तूट आली. ती शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले. त्याने बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली. घुसखोर जे जे लिही ते ते कागदावर उतरे, आणि तो कागद पुसणे घुसखोराच्या हाती नव्हते. माग निघाला थेट जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत.

पुढे हा पहारा छोट्या आज्ञावल्यांकडे, म्हणजे स्क्रिप्टांकडे आला. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील डॅन फार्मर व जीन स्पॅफर्ड यांनी १९९० मध्ये ‘कॉप्स’ मांडली. कोणती फाईल वाटेल त्याला लिहिता येते, कोणाचा परवलीचा शब्द कच्चा आहे, एवढेच ती सांगे. दुरुस्ती माणसाने करावयाची. १९९२ मध्ये त्याच विद्यापीठात जीन किम व स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ रचली. ती गणिताने प्रत्येक फाईलचा ठसा घेई. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा बदले. मग जुन्या ठशाशी ताळा घातला की झाले. १९९५ मध्ये फार्मर व वित्झे व्हेनेमा यांची ‘सेटन’ आली. ती बाहेरून दारे तपाशी. चोरांना किल्ली दिली, असा ओरडा झाला. परंतु उघडी दारे चोर हुडकतोच. ती ठाऊक नसतात घरधन्याला!

आज एखाद्या वाचनालयाच्या वा पतपेढीच्या संकेतस्थळालाही हीच रीत पुरेशी कामास येते. रोज रात्री स्क्रिप्टने फाईलींचे ठसे घ्यावेत, कालच्यांशी ताडावेत, फरक कळवावा. मात्र मूळ ठशांची वही त्याच संगणकावर ठेवू नये. हजेरीपट एकट्या मुकादमाच्या कपाटात राहिला, तर खाडे कोणी मांडले हे कामगाराला सिद्ध करता येत नाही, हे आम्ही चळवळीत पाहिले आहे. म्हणूनच ट्रिपवायरच्या कर्त्यांनीही ठशांची नोंद घुसखोराला लिहिता येणार नाही अशा जागी ठेवावयास सांगितले.

आणखी एक. स्क्रिप्ट ‘बदलले’ एवढेच सांगते. आपल्या माणसाने बदलले की परक्याने, हे विचारणारा माणूसच लागतो. त्या माणसाला कामावरून कमी करून केवळ स्क्रिप्ट ठेवणाऱ्या संस्थेने पहारा ठेवला नाही, पहाऱ्याची घंटा तेवढी ठेवली, असे आम्ही म्हणतो.