शुद्ध की मिश्र?

नगरचा इतिहास सांगू लागले की लोक निजामशाहीपासून आरंभ करितात आणि किल्ल्यातल्या राजबंद्यांपाशी येऊन थांबतात. १९१७ साली गंगाधरशास्त्री गुणे यांनी याच गावात आयुर्वेद महाविद्यालय काढले, ही गोष्ट सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु त्या शास्त्रात एके काळी जो झगडा माजला, तो आम्हांला फार ओळखीचा वाटतो.

१९३८ साली मुंबई सरकारने वैद्यांच्या नोंदणीचा कायदा केला. नोंदणी आली म्हणजे परीक्षा आली, आणि परीक्षा आली म्हणजे विचारायचे काय हा प्रश्न आला. एका पक्षाचे म्हणणे असे की, चरक, सुश्रुत, वाग्भट मुळातून शिकवा. दोष, धातू, मल यांच्याच भाषेत रोग ओळखायला लावा. हा 'शुद्ध' आयुर्वेद. दुसरा पक्ष म्हणे, त्याच्या जोडीला पाश्चात्त्य वैद्यकही शिकवा. खेड्यात न्यूमोनियाने तापलेले पोर पुढ्यात आल्यावर ज्याला पेनिसिलिन माहीत नाही, त्याने करायचे काय? हा 'मिश्र' अभ्यासक्रम.

कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९४८ साली दोहोंचा समन्वय सुचविला. पुढे गुजरातचे आरोग्यमंत्री मोहनलाल व्यास यांच्या समितीने १९६३ च्या सुमारास नेमके उलट सांगितले : अभ्यासक्रम शुद्धच हवा. पंधरा वर्षांत वारे असे फिरले. शुद्धवाल्यांचा आक्षेप पोकळ नव्हता, हे सांगितले पाहिजे. मिश्रण होते ते बहुधा वेळापत्रकात. सकाळच्या तासाला कफ, दुपारच्या तासाला जंतू. दोहोंचा मेळ घालायचा तो अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने! आणि तो बाहेर पडला की चरक फळीवर, इंजेक्शन हातात.

पण त्या विद्यार्थ्याला कोणी विचारले? तो शेतकऱ्याच्या, नाही तर लहानशा दुकानदाराच्या घरचा. १९४६ साली भोर समितीने डॉक्टरांसाठी एकच पदवी असावी, कमी मुदतीचे परवानाधारक अभ्यासक्रम बंद व्हावेत, अशी शिफारस केली. हेतू चांगला होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का मिळावा? काही सभासदांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले होते. त्या अभ्यासक्रमांची दारे मिटत गेली तशी साधारण घरच्या मुलाला वैद्यकीची जी वाट उरली, ती बव्हंशी आयुर्वेदाची. त्या वाटेवरही 'शुद्ध'चा फलक लागताच मुले बिथरली. १९५० नंतरच्या दशकात आणि त्याच्या पुढच्या दशकात देशभरच्या आयुर्वेद महाविद्यालयांत संपांवर संप झाले. मागण्या दोन : आधुनिक विषय शिकवा, आणि दर्जा व वेतन डॉक्टरांच्या बरोबरीचे द्या.

या दुसऱ्या मागणीची पुष्कळ थट्टा झाली. शास्त्राची चाड नाही, पगाराची आहे, असे म्हटले गेले. भरल्या पोटाच्या माणसाने असे बोलावे आणि लोकांनी माना डोलवाव्यात, हे आम्ही विडी कामगारांच्या वाटाघाटींत पुष्कळदा पाहिले आहे. सरकारी दवाखान्यात एकाच तऱ्हेचे रोगी तपासणाऱ्या दोघांना वेगवेगळी श्रेणी लावायची आणि खालच्या श्रेणीतल्याला परंपरेचा अभिमान शिकवायचा, यात शास्त्र कोठे येते ते आम्हांला उमगलेले नाही.

१९७० च्या केंद्रीय कायद्याने परिषद आली आणि पुढे देशभर एकच पदवी झाली. तिच्यात चरकसंहिताही आहे आणि शवविच्छेदनही. म्हणजे नाव कोणतेही द्या, मिश्रच जिंकले. महाराष्ट्राने १९९२ साली या पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मोकळीक देणारी अधिसूचना काढली. आज ऊसतोड्यांच्या अड्ड्यापासून जो पहिला दवाखाना लागतो, तो बहुधा अशाच पदवीधराचा असतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्यचिकित्सकांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांची मुभा देणारे नियम निघाले. ११ डिसेंबरला देशभर संप झाला. या वेळी संपावर गेले ते ॲलोपॅथीचे डॉक्टर.