तळटीप : ‘वानरभक्षक गरुड’

* वानरभक्षक गरुड : फिलिपाइन्स बेटांतील या महाकाय पक्ष्याचा निर्देश मूळ लेखकाने तत्कालीन रूढ नावानेच केला असल्यामुळे थोडा खुलासा अवश्य वाटतो. १८९६ साली समार बेटावर जॉन व्हाइटहेड या इंग्रज निसर्गसंशोधकाच्या हाती हा पक्षी लागला, तेव्हा तो केवळ माकडांवरच उपजीविका करतो, असे स्थानिक लोकांनी सांगितले, आणि तोच समज ‘पिथेकोफागा’ या शास्त्रीय नावात कायम झाला. वस्तुतः मिंडानाओच्या अरण्यात याचे प्रमुख भक्ष्य कागुआंग, म्हणजे अंगाच्या पडद्यावर झाडाझाडांमधून तरंगत जाणारा निशाचर प्राणी, हे होय. लुझॉन बेटावर तो प्राणीच नसल्याने तेथे मोठे वृक्षवासी उंदीर, घोरपडी आणि साप यांवर निर्वाह होतो. माकडे, उदमांजरे व धनेशही याच्या आहारात आढळतात. उंच फांदीवर निश्चल बसून, खालची पाने हलतात काय हे न्याहाळीत, एका झाडावरून दुसऱ्यावर उतरत उतार संपवावयाचा, आणि पुन्हा माथ्यावरून आरंभ करावयाचा, ही याची मृगयेची रीत. १९७८ साली सरकारी जाहीरनाम्याने त्याचे ‘फिलिपाइन गरुड’ असे नामकरण झाले, हे न्याय्यच झाले. परंतु साधारणतः दोन वर्षांतून एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याचे भक्ष्य ज्या अरण्यात राहते, ते अरण्यच तुटत असता केवळ नाव सुधारून त्याचे रक्षण होणार नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. — संपा.