रुमाल आणि कप्पे

पत्र लिहिण्याचें कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालें आहे. आलेलें पत्र वीस वर्षांनीं पुन्हां हातीं लागेल अशा रीतीनें ठेवणें, ही मात्र निराळी विद्या आहे. आणि तिची आठवण बहुधा पत्र हरवल्यावरच होते.

पुण्याचें पेशवे दप्तर हें या विद्येचें आपल्याकडील मोठें उदाहरण होय. कागद रुमालांत बांधीत, आणि रुमालांचे वर्ग ठरलेले असत. रोजकीर्दींत व्यवहाराची दिवसवार नोंद होई. घडणींत त्याची खातेवार मांडणी असे. पुढें इनाम कमिशनच्या कामीं ठिकठिकाणच्या वतनदारांकडून जे कागद गोळा झाले, ते मूळ रुमालांत मिसळून न जातां ‘जमाव’ या निराळ्या वर्गांत राहिले.

या सांठ्यांतून गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतील उतारे काढून ते राज्यकारभाराच्या विषयांप्रमाणें लाविले. गो. स. सरदेसाई यांनीं 1930 ते 1934 या काळांत 45 खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला उदगीरच्या लढाईचा व दुसरा पानिपत प्रकरणाचा. दोघांचीही मांडणी विषयवार, परंतु ती उताऱ्यांची होती. मूळ कागद दप्तरांतच राहिले. छापील उताऱ्याविषयीं शंका आली तर अस्सल कागदाकडे परत जातां येतें, तें यामुळेंच.

हिंगोलीसारख्या गांवाचा इतिहास लिहूं पाहणाराला ही गोष्ट विशेष जाणवते. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. 1956 सालीं हा भाग मुंबई राज्यांत आला, 1960 सालीं महाराष्ट्रांत, आणि 1 मे 1999 रोजीं परभणीपासून फुटून हिंगोली जिल्हा झाला. गांव एक, परंतु त्याच्या कागदांसाठीं परभणी, हैदराबाद, मुंबई, दिल्ली असा पत्रव्यवहार करावा लागतो.

हा पत्रव्यवहार आतां ई-मेलनें चालतो, आणि दप्तराचा जुना प्रश्न पुन्हां पुढें उभा राहतो. एक खातें नोकरीचें, एक घरचें, एक एखाद्या मंडळाचें. टपालाची आज्ञावली हीं सर्व खातीं एकाच पडद्यावर दाखविते. म्हणून तीं एकाच ठिकाणीं आहेत असा भास होतो. वस्तुतः प्रत्येक खात्याचे कप्पे त्या त्या खात्याच्या दूरच्या सर्व्हरवर असतात. एका खात्यांतील पत्र दुसऱ्याच्या कप्प्यांत ओढून टाकलें, कीं तें पहिल्यांतून निघून जातें.

प्रस्तुत लेखकानें नोकरीच्या खात्यांत ‘औंढा नागनाथ’, ‘नर्सी नामदेव’, ‘छावणी’ असे कप्पे केले, आणि घरच्या खात्यांतील पत्रेंही हौसेनें त्यांत आणून ठेविलीं. नोकरी सुटली, खातें बंद झालें, आणि नऊ वर्षांचीं उत्तरें त्याबरोबर गेलीं. त्यांत छावणींतील कबरींवरील लेखांची एका वृद्ध गृहस्थानें स्वतः उतरून पाठविलेली नक्कल होती. ते गृहस्थ आज हयात नाहींत.

उपाय जुनाच आहे. पत्र ज्या खात्यावर आलें, तेथेंच तें राहूं द्यावें; तीच त्याची रोजकीर्द. प्रत्येक खात्यांत त्याच नांवांचे कप्पे करावे, म्हणजे शोधतांना गोंधळ होत नाहीं. विषयासाठीं पत्रास खुणेची चिठ्ठी लावावी. एकाच पत्रास दोन चिठ्ठ्या लागूं शकतात. अनेक खात्यांतील पत्रें एकत्र पाहावयाचीं असतील, तर शोधाचा कप्पा करावा. त्यांत पत्रें दिसतात, पण जागची हलत नाहींत. आणि वर्षाअखेर सर्वांची एक नक्कल आपल्या स्वतःच्या यंत्रावर उतरून घ्यावी.

वाडांनीं आणि सरदेसायांनीं उतारे हलविले, रुमाल हलविले नाहींत. मीं रुमालच हलविला.